परक्या घाटावर

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक प्रश्न पाहुणा म्हणून आला, आणि तीन महिने लोटले तरी त्याने जाण्याचे नाव काढिले नाही. वरवर पाहता तो क्षुल्लक, किंबहुना सुखवस्तू माणसाचा चोचला म्हणावा असा होता. आयुष्यात प्रथमच परदेशी नदीतून जहाजाने जावयाचे, आणि तेही एका देशातून नव्हे तर अनेक देशांतून. तर नदी कोणती निवडावी? आमची कन्या व जावई काही वर्षांपासून म्युनिकला असतात. आमच्या विवाहास तीस वर्षे पुरी होत असल्याचे निमित्त करून त्यांनी हा प्रवास आम्हां उभयतांस भेट द्यावयाचे ठरविले, आणि निवड तेवढी आमच्यावर सोपविली. भेट मिळाली ती आनंदाने घ्यावी, यात नीतिविचाराला जागा कोठे आहे, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु निवड करावयाची म्हटले की एक गोष्ट अधिक चांगली व दुसरी कमी चांगली असे ठरवावे लागते. आणि चांगले म्हणजे काय, हा जुना प्रश्न माहितीपत्रकांच्या ढिगाखालूनही डोके वर काढितोच.

माहितीपत्रके चार प्रवासांची होती. पहिला ऱ्हाईन नदीचा: स्वित्झर्लंडातील बाझेल येथून निघून, फ्रान्स व जर्मनी यांचे काठ शिवत, आठवडाभरात हॉलंडातील ॲमस्टरडॅमला पोहोचविणारा. दुसरा डॅन्यूबचा: जर्मनीच्या सीमेवरील पासाउ येथून ऑस्ट्रिया व स्लोव्हाकिया यांतून हंगेरीच्या राजधानीपर्यंत, म्हणजे बुडापेस्टपर्यंत, हाही आठवड्याचाच. तिसरा या दोन नद्यांना एका सूत्रात ओवणारा, ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट असा पंधरा दिवसांचा. ऱ्हाईन उत्तर समुद्रास मिळते आणि डॅन्यूब काळ्या समुद्रास. या दोहोंमधील उंचवटा कालव्याने ओलांडावा, ही आकांक्षा शार्लमेन बादशहाने इ. स. ७९३ मध्ये धरिली होती. त्याचा उद्योग तडीस गेला नाही. तो मनोरथ १९९२ साली, १७१ किलोमीटर लांबीचा कालवा पुरा झाला तेव्हा पूर्ण झाला. आज जहाज पाण्याच्या बंदिस्त हौदांतून पायरीपायरीने चढत समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर जाते आणि पलीकडे तसेच उतरते. चौथा प्रवास पूर्वेकडील मेकाँग नदीचा, कंबोडियातून व्हिएतनामात जाणारा.

जावईबापूंचे मत तिसऱ्या प्रवासास होते. त्यांचा हिशेब सरळ होता: पंधरा दिवसांत पाच देश 'होतात'. हल्ली आपल्या मध्यम वर्गात हे क्रियापद सर्रास कानी पडते. पूर्वी चार धाम होत, आता बारा देश होतात. आमच्या सौभाग्यवतींचा विचार अधिक व्यवहारी होता. त्यांचे गुडघे दुखतात. रोज नवा मुक्काम, रोज पेटी उघडणे आणि बांधणे, हे त्यांस झेपत नाही. जहाजावर सामान एकदाच उघडावयाचे असते, गाव बदलते पण उशी बदलत नाही, म्हणून नदी कोणतीही चालेल, असे त्या म्हणाल्या. आम्ही स्वतः इतिहासाचे नाव पुढे करून डॅन्यूबकडे झुकलो होतो. जगातील इतर कोणतीही नदी इतक्या देशांना स्पर्श करीत नाही: उगमापासून मुखापर्यंत सुमारे २,८५० किलोमीटरांत दहा देश, आणि व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट व बेलग्रेड अशा चार राजधान्या. पण नीट पाहता आम्हीही जावईबापूंप्रमाणे संख्येचाच आधार घेत होतो. केवळ ती संख्या आम्ही इतिहासाच्या वेष्टनात गुंडाळिली होती.

या वादात आमच्या मातुश्रींनी एके सायंकाळी भाग घेतला. त्यांचे वय ब्याऐंशी. डोळ्यांना कमी दिसते, कानांना मात्र चांगले ऐकू येते.

"अरे, त्या नदीत तुम्ही अंघोळ करणार का?" त्यांनी विचारिले.

आम्ही म्हणालो, "नाही, आई. जहाजावर स्नानगृह असतं."

"बरं, सूनबाई तिची ओटी भरणार?"

"तशी तिकडे पद्धत नाही."

"मग तिचं पाणी तरी तांब्याभर घरी आणणार?"

आम्ही काही बोललो नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग नदीला जातो असं कशाला म्हणता? जहाजाला जातो म्हणा."

घरात हशा पिकला, आणि त्या हशात आम्हीही सामील झालो. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य पुन्हा आठवले आणि आमच्या ध्यानात आले की, जो प्रश्न आम्ही तीन महिने चघळीत होतो तो मातुश्रींनी चार वाक्यांत नीट मांडिला होता. कोणती नदी, हा प्रश्नच नव्हे. नदीशी आपले नाते कोणते असणार, हा प्रश्न होय.

आपल्याकडे नदीच्या प्रवासाची जुनी कल्पना पाहावी म्हणजे मातुश्रींचे म्हणणे उलगडते. नर्मदेची परिक्रमा करणारा मनुष्य १,३१२ किलोमीटरांच्या त्या नदीला उजव्या हाताला ठेवून एका काठाने जातो व दुसऱ्या काठाने परततो, आणि मध्ये कोठेही तिचा प्रवाह ओलांडीत नाही. परंपरेने या व्रतास तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात असे मानिले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्य मिळवावयास उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. परंतु 'माझा प्रवास' वाचणाऱ्यास त्यांची खांद्यावरून आणिलेली गंगेची कावड विसरता येत नाही. काशी-रामेश्वराच्या यात्रेत तर गंगेचे पाणी दक्षिणेस न्यावयाचे आणि रामेश्वराची वाळू उत्तरेस आणावयाची, असा दोन्ही बाजूंचा देवघेवीचा संकेत आहे. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रवासी काहीतरी देतो, काहीतरी उचलतो, काहीतरी सोसतो. नुसते पाहून तो परतत नाही.

तथापि जुन्या यात्रेकरूंच्या नावाने आजच्या प्रवाशास झोडपणे हे सोपे काम आहे, आणि सोपे असल्यामुळेच ते संशयास्पद आहे. यात्रेकरूंनाही डोळे होते. त्यांनीही बाजार पाहिले, वाडे पाहिले, परतल्यावर ओसरीवर बसून गोष्टी सांगितल्या आणि गावात आपली मान उंच करून घेतली. सुखाने केलेला प्रवास तेवढ्यावरून हीन ठरत नाही. ज्या स्त्रीने तीस वर्षे घर व नोकरी दोन्ही सांभाळिली, तिने दुखऱ्या गुडघ्यांनी धर्मशाळेच्या फरशीवर निजावे तरच तिचा प्रवास खरा, असे म्हणणारा मनुष्य बहुधा स्वतः निजावयास जाणारा नसतो. युरोपातील नद्यांवरची ही जहाजे तेथील हौदांच्या मापाने बांधिलेली असतात. लांबी फार तर १३५ मीटर, रुंदी ११.४ मीटर. एवढ्याशा तरंगत्या घरात दीडदोनशे माणसे आठवडाभर गुण्यागोविंदाने राहतात, आणि ज्यांना एरवी घराबाहेर पडणे कठीण अशा वृद्धांनाही चार गावे पाहावयास मिळतात. हे वाईट नव्हे. सुखाला आमचा आक्षेप नाही. धोका निराळा आहे. या घराची खिडकी काठासमोरून हळूहळू सरकत जाते, आणि बसल्या जागेवरून पाहणाऱ्यास असे वाटू लागते की, काठ हाच आपल्यासाठी सरकविला जात आहे. समोरचे गाव चित्र होते, आणि त्या गावची माणसे चित्रातली माणसे होतात.

चित्रातले माणूस होणे म्हणजे काय, हे आम्हां कसबा बावडेकरांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी किती चढले हे सांगावयाचे झाल्यास आमच्या बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा सांगतात. एकोणचाळीस फुटांवर इशारा, त्रेचाळीस फुटांवर धोका, हे येथील लहान मुलासही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये तो आकडा पंचावन्न फुटांच्या वर गेला आणि जुलै २०२१ मध्ये छप्पन्न फुटांच्या वर. २०१९ साली नदीकडच्या आमच्या गल्लीत पाणी शिरले. आम्ही मातुश्रींना घेऊन उंचावरच्या एका आप्तांकडे गेलो. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा भिंतींवर कमरेइतक्या उंचीची रेघ होती, आणि आमच्या चाळीस वर्षांच्या पुस्तकांचा लगदा झाला होता. गाद्या, ट्रंका, धान्य, सारे रस्त्यावर काढून ठेविले. मातुश्री एका बाजेवर बसून ओले फोटो एकमेकांपासून सोडवीत होत्या. वडिलांचा एकुलता एक तरुणपणाचा फोटो त्यात होता.

तेवढ्यात एक मोटार आली, थांबली, तिची काच खाली झाली आणि आतून एका गृहस्थांनी फोन बाहेर काढून मातुश्रींचे छायाचित्र घेतले. काच वर झाली, मोटार गेली. त्या गृहस्थांनी काही वाईट केले असे म्हणता येणार नाही. ते अपशब्द बोलले नाहीत, हसले नाहीत. कदाचित त्यांस हळहळही वाटली असेल. त्यांनी केवळ पाहिले. मातुश्रींनी मात्र डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि मोटार दिसेनाशी होईपर्यंत तो मागे सारिला नाही.

त्या क्षणी आम्हांस संताप आला. पण संतापाच्या पाठोपाठ एक आठवणही आली, ती अधिक बोचरी होती. पूर पाहावयास जाणे ही कोल्हापुरातील जुनी हौस. तरुणपणी आम्ही स्वतः मित्रांसह कित्येकदा छत्र्या घेऊन शिवाजी पुलाकडे पूर पाहावयास गेलो आहो. भाजलेली कणसे खात पाण्याचे ते अफाट तांबडे रूप पाहिले आहे, आणि 'यंदा काय पूर आलाय' असे कौतुकाने म्हटले आहे. ते पाणी त्या वेळी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून येत होते, हा विचार आमच्या मनास शिवला नव्हता. काशीच्या मणिकर्णिका घाटासमोर नाव उभी करून परदेशी प्रवासी आपल्या जळत्या चितांची छायाचित्रे घेतात, तेव्हा आपणांस चीड येते. १३ जानेवारी २०२३ रोजी त्याच काशीहून 'गंगा विलास' हे जहाज निघाले आणि सत्तावीस नद्यांतून, बांगलादेशातून, सुमारे ३,२०० किलोमीटर जाऊन आसामातील दिब्रुगडला पोहोचले. त्याचे पहिले प्रवासी मुख्यतः स्वित्झर्लंडचे होते. ते आमच्या घाटांकडे कसे पाहतील, याची चर्चा त्या वेळी आम्ही मोठ्या हिरिरीने केली होती. आता आपण त्यांच्या घाटांवर जावयाचे, तर आपण कसे पाहू, ही चर्चा आमच्या घरात तीन महिन्यांत एकदाही झाली नव्हती.

म्हणून आमच्या मते या निवडीचा पहिला निकष असा: ज्या नजरेने आपल्याकडे पाहिलेले आपणांस सोसणार नाही, त्या नजरेने आपण दुसऱ्याच्या दाराकडे पाहू नये. प्रेक्षकाची नजर आणि पाहुण्याची नजर यांत हाच भेद आहे. प्रेक्षक पैसे मोजतो आणि आपले देणे संपले असे मानतो. पाहुणा दारात पाऊल टाकतो तेव्हापासून त्याचे देणे सुरू होते. आपल्याकडे ज्या घरी दुःख घडले आहे त्या घरी गेलेला मनुष्य प्रथम बसतो, विचारतो, ऐकतो. चहाचे नाव नंतर निघते. परक्या गावी जाताना ही रीत सोडावयाचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

या निकषावर डॅन्यूबचे माहितीपत्रक पुन्हा वाचले, तेव्हा त्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे अधिक दिसू लागले. जहाज रात्रीच्या दिव्यांत बुडापेस्टला पोहोचते, प्रवासी वरच्या सज्जावर पेले घेऊन उभे असतात, आणि सोन्यासारखे उजळलेले पार्लमेंटचे भवन समोर येते, असे त्यात रसभरीत वर्णन आहे. त्याच भवनापासून जवळच, पाण्याच्या अगदी कडेला, लोखंडी जोड्यांची एक रांग आहे: पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही, साठ जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथील ॲरो क्रॉस नावाच्या सशस्त्र टोळ्यांनी यहुदी लोकांना या काठावर आणिले, पायांतील जोडे काढावयास लाविले आणि गोळ्या घालून नदीत लोटिले. जोड्यांना किंमत होती, माणसांना नव्हती. त्यांचे हे स्मारक २००५ साली उभारिले गेले. ब्रातिस्लाव्हाजवळ मोराव्हा नदी डॅन्यूबला मिळते, तेथे देव्हीनचा किल्ला आहे. १९८९ पर्यंत त्या संगमाच्या एका तीरावर तारेचे कुंपण होते. ते ओलांडून पलीकडच्या ऑस्ट्रियात जाऊ पाहणाऱ्या कित्येकांस प्राण गमवावे लागले, आणि त्यांचेही स्मारक तेथे आहे. आजचा प्रवासी तोच संगम न्याहारी करता करता ओलांडतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या चारही देशांस आज एकच प्रवेशपत्र चालते. सीमा कोठे आली आणि कोठे गेली हे कोणी सांगितल्यावाचून कळतही नाही. ही गोष्ट मोठ्या आनंदाची आहे. परंतु ती आनंदाची का, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो आनंद मिळत नाही. त्याला फक्त सोय मिळते.

आणखी एक स्थळ कोल्हापूरच्या वाचकांस विशेष ओळखीचे वाटेल. व्हिएन्ना व बुडापेस्ट यांच्या दरम्यान गाब्चिकोव्हो येथे धरणाचा एक प्रचंड हौद आहे. त्यात जहाज सुमारे वीस मीटर खाली उतरते, आणि पुष्कळदा प्रवासी झोपेत असतानाच उतरते. या धरणाच्या योजनेवरून हंगेरी आणि स्लोव्हाकिया हे दोन देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि १९९७ साली त्याचा निकाल लागला. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ साली लवाद नेमिला गेला, १९७३ साली त्याने निवाडा दिला, आणि अजूनही दर पावसाळ्यात अलमट्टीचे दरवाजे किती उघडले हे आम्ही पंचगंगेच्या काठी बसून विचारीत असतो. एकाच देशातील राज्यांची ही स्थिती आहे. मग ऱ्हाईनवरील नौकानयनासाठी १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेने संयुक्त आयोग स्थापिला, डॅन्यूबसाठी १८५६ साली तसाच आयोग निघाला, आणि मध्ये दोन महायुद्धे होऊनही नदी सर्वांची हे तत्त्व पुन्हा पुन्हा उचलून धरिले गेले, याचे मोल आम्हांस कळावयास नको काय? अनेक देशांतून जाणाऱ्या नदीचे खरे नवल देशांच्या संख्येत नाही. भांडलेल्या शेजाऱ्यांना तिने एकत्र बसविले, यात आहे.

पाहुण्याची गोष्ट निघाली म्हणजे कोल्हापूरच्या माणसास फ्लोरेन्स आठवल्यावाचून राहत नाही. करवीरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले. इंग्लंड पाहून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लोरेन्स येथे, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांची दैनंदिनी कॅप्टन वेस्ट यांनी संपादून १८७२ साली लंडनला छापविली. त्या शहरात दहनाची रीत नव्हती. परंतु अधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री महाराजांच्या देहास अग्नी देण्यात आला. बरोबरच्या लोकांनी त्या अनोळखी मुलखात संगम शोधून काढिला, याचा अर्थ आमच्या मते फार खोल आहे. त्यांस ती नदी परकी वाटली नाही. दोन पाणी जेथे मिळतात ते स्थान आपले, असे त्यांनी मानिले. आणि फ्लोरेन्सकरांनीही, ज्या विधीचा अर्थ त्यांस ठाऊक नव्हता त्या विधीला, आपल्या नदीचा काठ दिला. १८७४ साली तेथे छत्री उभी राहिली. जवळच्या मोठ्या पुलास आजही 'इंडियानो'चे नाव आहे. पाहुणा आणि यजमान या दोघांनी आपापले देणे चुकविल्याचे याहून बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

दुसरा निकष नदीनेच घालून दिला आहे, तो असा की, तिला नाही म्हणण्याचा अधिकार असतो. ऱ्हाईनच्या काठी काउब नावाचे गाव आहे. आमच्या राजाराम बंधाऱ्यावर फूट मोजितात तसे तेथे सेंटिमीटर मोजितात. फरक इतकाच की आम्ही आकडा चढला म्हणजे घाबरतो आणि ते उतरला म्हणजे. २०१८ आणि २०२२ या दोन्ही वर्षी त्या मापकावरचा आकडा चाळीसच्या खाली गेला. अशा वेळी जहाजे थांबतात, प्रवाशांस मोटारगाडीतून पुढच्या गावी नेतात. उलट पाणी फार चढले तर जहाज पुलाखालून जात नाही. हे सारे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापिलेले असते, आणि ते न वाचता गेलेले प्रवासी मागाहून आपली फसवणूक झाल्याची तक्रार करितात. ज्यांच्या आयाबायांनी कृष्णेच्या काठी दक्षिणद्वार सोहळ्याची वाट पाहिली आहे, त्यांना असली तक्रार शोभत नाही. नरसोबाच्या वाडीस पुराचे पाणी उत्तरेच्या दाराने देवळात शिरते आणि पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. ते कोणाच्या बोलावण्याने येत नाही आणि कोणाच्या सोयीने जात नाही. नदी सेविका नव्हे. ज्याला दिनक्रम मोडलेला चालत नाही, त्याने नदी निवडू नये, आगगाडी निवडावी.

येथपर्यंत विचार आला तेव्हा तो मोठ्या समाधानाने आम्ही मातुश्रींस सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. मग आमच्यातील मास्तरास राहवले नाही, आणि आम्ही विचारिले, "पण आई, डॅन्यूबमध्ये अंघोळ करणार का असं तुम्ही विचारलंत. आपल्या पंचगंगेत तरी आपण किती वर्षांत उतरलो?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दहा-बारा वर्षं झाली असतील. पाण्याला वास येतो."

हा घाव आम्ही त्यांच्यावर घालावयास गेलो आणि तो आमच्यावरच बसला. शहराचे सांडपाणी आणि खालच्या अंगास कारखान्यांचे रंगीत पाणी पंचगंगेत जाते, हे येथे कोणास ठाऊक नाही? बावड्यात सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र झाले, तरी घाटावरचा वास सर्वस्वी गेला नाही. आणि आम्ही, नदीपासून हाकेच्या अंतरावर राहणारे शिकलेले लोक, पावसाळ्यात बंधाऱ्याचा आकडा पाहण्यापलीकडे तिच्याशी कोणते नाते ठेवून आहो? म्हणजे परक्या घाटावर प्रेक्षक होऊ की काय, या भीतीने आम्ही एवढा ऊहापोह केला; परंतु आपल्या घाटावर आम्ही कधीचेच प्रेक्षक होऊन बसलो आहो. मग हा पैसा पंचगंगेसाठीच का देऊ नये, असा प्रश्न कोणी विचारील. तो प्रश्न न्याय्य आहे. त्याला आमचे उत्तर एवढेच की, प्रवास रद्द केल्याने ती नदी स्वच्छ होणार नाही, आणि प्रवास केल्याने आमचे तिच्याविषयीचे कर्तव्य फिटणार नाही. दोन देणी निरनिराळी आहेत. एक दुसऱ्यात वळते करून घेता येत नाही. फार तर असे म्हणता येईल की, जो परक्या नदीकडे पाहुण्यासारखा पाहावयास शिकला, त्याला परतल्यावर आपल्या नदीकडे मोटारीच्या काचेतून पाहणे जड जाईल. तसे झाले नाही तर तो प्रवास व्यर्थ गेला असे आम्ही समजू.

निवड झाली आहे. पाच देशांचा पंधरवडा आम्ही सोडिला. पासाउ ते बुडापेस्ट हा आठवडा घेतला, आणि उरलेल्या दिवसांपैकी चार दिवस बुडापेस्टलाच, जहाजाबाहेर, एका साध्या खोलीत राहावयाचे ठरविले. लोखंडी जोड्यांजवळ दिवसाउजेडी पायी जावे, ही त्यातील पहिली योजना आहे. जावईबापूंस देश कमी झाल्याचे वाईट वाटले. पण कन्येने त्यांची समजूत घातली.

संक्रांतीनंतर एके सकाळी मातुश्रींच्या हट्टावरून आम्ही त्यांस प्रयाग चिखलीस नेले. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन जेथे पंचगंगा होते ते हे स्थान; पाचवी सरस्वती गुप्त आहे अशी श्रद्धा आहे. शहराच्या वरच्या अंगास असल्यामुळे तेथील पाणी अजून पुष्कळ निवळ आहे. मातुश्रींनी सौभाग्यवतींच्या आधाराने पायरीवर उतरून पाण्यात पाय बुडविले, ओटीचे सामान वाहिले आणि तांब्याचा एक लहानसा गडू भरून घेतला. १९०२ साली जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह विलायतेस गेले, तेव्हा परक्या देशाचे पाणी पोटात जाऊ नये म्हणून त्यांनी चांदीच्या प्रचंड घागरी भरून गंगाजल बरोबर नेले होते. तसेच काहीसे मातुश्रींच्या मनात असावे असे वाटून आम्ही म्हणालो, "आई, तिकडं प्यायला चांगलं पाणी मिळतं."

"प्यायला नाही रे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये. तिथं गेलात की तिच्यात सोडा, आणि येताना हाच गडू भरून आणा."

गडूचे तोंड लाखेने बंद करून तो आम्ही देवघरात ठेविला आहे. मे महिन्यात निघावयाचे आहे.